चार सह्या आणि एक यंत्र

२०२५च्या डिसेंबरात राज्य सरकारने जाहीर केलं, की पोलीस तपासाला मदत करणारी 'महाक्राइमओएस' ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी यंत्रणा राज्यातल्या सगळ्या, म्हणजे सुमारे ११०० पोलीस ठाण्यांत न्यायची. त्याआधी ती नागपूरच्या २३ ठाण्यांत वापरली गेली होती. आणि त्याच्याही आधी, २०२४ मध्ये, पोलिसांसाठी एआयचं काम करायला सरकारने 'मार्व्हल' नावाची कंपनी नागपुरातच काढली होती. आता सगळी ठाणी म्हटल्यावर त्यात आमचं धाडचं पोलीस ठाणंही आलंच.

यावर बोलणारे मला दोन प्रकारचे भेटतात. एक म्हणतो, बरं झालं, यंत्राला चहापाणी लागत नाही, यंत्र जात विचारत नाही. दुसरा म्हणतो, हे सगळं मोठ्या कंपन्यांचं दुकान आहे, आपल्या पोरांच्या नोकऱ्या जाणार. दोघांच्याही म्हणण्यात काहीतरी आहे. पण एक साधा प्रश्न दोघंही विचारत नाहीत. हे यंत्र शिकतं कुठून?

ते शिकतं जुन्या कागदांवरून. जुन्या फिर्यादी, जुने पंचनामे, जुनी आरोपपत्रं, जुने निवाडे. आजपर्यंत माणसांनी जे लिहून ठेवलं, त्यातली सवय यंत्र उचलतं. कागद चांगला असेल तर सवय चांगली. पण कागदच वाकडा असेल तर?

हा प्रश्न आपल्या विदर्भात एकदा फार जवळून येऊन गेला आहे. तेव्हा एआय हा शब्दही कुणाला माहीत नव्हता. आज तीच गोष्ट सांगायची आहे, आणि तिच्यातून पुढे गेलेल्या एका कायद्याच्या तत्त्वज्ञाची.

घटना २६ मार्च १९७२ची. ठिकाण देसाईगंज, म्हणजे वैनगंगेकाठचं वडसा. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. एक आदिवासी मुलगी, आईबाप नसलेली, भावाबरोबर मोलमजुरी करून राहणारी. वय १४ ते १६च्या दरम्यान. तिचं एका मुलाशी जमलं होतं, म्हणून भावाने पोलिसांत तक्रार दिली. रात्री सगळ्यांना ठाण्यावर बोलावलं. जबाब झाले, बाकीच्यांना जायला सांगितलं, मुलीला मात्र मागे थांबवलं. ठाण्यातच, बंद दाराआड, एका पोलीस शिपायाने तिच्यावर बलात्कार केला आणि नंतर हेड कॉन्स्टेबलने तिच्या अंगाशी झोंबाझोंबी केली, अशी तिची फिर्याद होती. बाहेर तिचे नातेवाईक उभे होते. लोक जमले, ठाणं पेटवून देऊ म्हणाले, तेव्हा कुठे तक्रार लिहून घेतली गेली.

त्या मुलीचं नाव कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात आहे. खटला तिच्याच नावाने ओळखला जातो. मी ते इथे लिहिणार नाही. अशा पीडितेचं नाव छापायला मनाई करणारं कलम याच खटल्यानंतर, १९८३ साली, दंडसंहितेत आलं. तिच्यामुळे पुढच्या सगळ्या बायकांना जो आडोसा मिळाला, तो तिला मिळाला नव्हता. निदान आपण तरी तो तिला देऊ.

खटला चंद्रपूरच्या सत्र न्यायालयात चालला. १९७४ साली न्यायाधीशांनी दोघांनाही सोडून दिलं. मुलगी खोटं बोलते, तिचे आधी संबंध होते, त्यामुळे जे झालं ते तिच्या संमतीने झालं असावं, असा एकूण सूर. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. खंडपीठाचं म्हणणं सरळ होतं. वर्दीतल्या माणसापुढे, ठाण्याच्या आत, रात्रीच्या वेळी एखादी मुलगी गप्प राहिली, तर ते शरण जाणं आहे. त्याला संमती म्हणत नाहीत. शिपायाला ५ वर्षं आणि हेड कॉन्स्टेबलला १ वर्ष शिक्षा झाली.

मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य', निकाल १५ सप्टेंबर १९७८. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नागपूरचा निकाल रद्द केला आणि दोघांना पुन्हा मोकळं केलं. कारणं काय? मुलीच्या अंगावर जखमा नाहीत. तिने आरडाओरड केल्याचं सिद्ध होत नाही. म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे संमती.

आता इथे जरा थांबून एक कल्पना करा. समजा १९७८ साली आजच्यासारखं एखादं यंत्र असतं. त्याला तोवरचे सगळे भारतीय निवाडे वाचायला दिले असते, आणि या खटल्याची कागदपत्रं देऊन विचारलं असतं, की निकाल काय लागावा. मला तरी शंका वाटत नाही. यंत्राने तेच सांगितलं असतं जे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. जखमा आहेत का? नाहीत. ओरडली का? नाही. आधी संबंध? होते. सगळ्या जुन्या कागदांत या तीन उत्तरांपुढे जे लिहिलेलं असायचं, तेच यंत्राने पुढे लिहिलं असतं.

यंत्र वाईट असतं म्हणून नव्हे. कायदाच त्याला तसं शिकवत होता. १८७२च्या साक्ष कायद्यात एक तरतूद होती, की बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी बाई सर्वसाधारणपणे बदचालीची आहे असं दाखवून तिच्या साक्षीवरचा विश्वास उडवता येतो. ही तरतूद २००२च्या दुरुस्तीपर्यंत कायद्याच्या पुस्तकात होती. म्हणजे १३० वर्षं. एवढ्या काळात किती वकिलांनी तिचा आधार घेतला असेल, किती निवाड्यांत ती झिरपली असेल, याचा हिशेब कोण लावणार? शिवाय नागपूर खंडपीठाचा शहाणा निकालही कागदांच्या त्याच ढिगात होता. पण तो वरच्या कोर्टाने रद्द केलेला. यंत्राच्या दृष्टीने रद्द झालेल्या निकालाला वजन कमीच.

मग ही गोष्ट सुधारली कशी?

बरोबर एका वर्षाने, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, भारताच्या सरन्यायाधीशांना एक उघडं पत्र गेलं. सरन्यायाधीश होते यशवंत विष्णू चंद्रचूड, आपल्या पुण्याचे. पत्राखाली कायदा शिकवणाऱ्या चौघांच्या सह्या होत्या. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. यातली शेवटची दोन नावं मराठी आहेत आणि आपण ती जवळजवळ विसरलो आहोत.

चौघांपैकी कुणीही त्या खटल्यात वकील नव्हतं. मुलीशी कुणाचं नातं नव्हतं. त्यांनी काय केलं, तर निवाडा नीट वाचला आणि त्यातली गाळलेली जागा दाखवली. त्यांचा मुद्दा असा, की संमती आणि शरण जाणं यांत फरक आहे, आणि तो फरक न्यायालयाने पुसून टाकला. दुसरं म्हणजे, फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे बाईला चौकशीसाठी ठाण्यावर बोलावताच येत नाही, तिच्या राहत्या जागी जावं लागतं. हीच गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी, एप्रिल १९७८ मध्ये, नंदिनी सत्पथी प्रकरणात बजावून सांगितली होती. सत्पथी ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री. मग माजी मुख्यमंत्र्यांना जे संरक्षण, ते देसाईगंजच्या मजूर मुलीला का नाही? त्या मुलीला रात्री ठाण्यावर बोलावलं हेच मुळात बेकायदा होतं, आणि निवाड्यात त्याबद्दल एक शब्द नाही.

या पत्राने देश हलला. १९८०च्या सुरुवातीला मुंबईत बलात्काराविरोधी मंच उभा राहिला. ८ मार्च १९८०ला मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली अशा अनेक शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. त्याच वर्षी विधी आयोगाने आपला ८४वा अहवाल दिला. १९८३ साली संसदेने कायदा बदलला. पोलीस कोठडीत किंवा अधिकाऱ्याच्या ताब्यात असताना झालेल्या बलात्कारात, संबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने ती नव्हती असंच धरून चालायचं. खटला बंद दाराआड चालवायचा. पुढे २०१३च्या दुरुस्तीत तर स्पष्टच लिहिलं गेलं, की केवळ अंगाने प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानता येणार नाही. ३७ वर्षांपूर्वी नागपूरच्या खंडपीठाने जे ओळखलं होतं, ते शेवटी कायद्याच्या पुस्तकात आलं.

त्या मुलीला काय मिळालं? काही नाही. फेरविचाराचा अर्ज फेटाळला गेला. सुटलेले सुटले ते सुटलेच. कायदा पुढच्यांसाठी बदलला. हे कडू आहे आणि ते कडूच राहू द्यावं.

आता त्या पत्रातल्या पहिल्या नावाकडे येतो, कारण इथूनच एक रस्ता थेट एआयपर्यंत जातो.

उपेंद्र बक्षी यांचा जन्म १९३८चा, राजकोटचा. कायद्याचं शिक्षण मुंबई विद्यापीठात, पुढे अमेरिकेत बर्कलीला. काही वर्षं ऑस्ट्रेलियात सिडनीला शिकवलं आणि १९७३ पासून दिल्ली विद्यापीठात. सुरतच्या दक्षिण गुजरात विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९९० ते ९४ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते, नंतर इंग्लंडमध्ये वॉरिक विद्यापीठात गेले. २०११ साली पद्मश्री. कागदावर पाहिलं तर हा एका मोठ्या प्राध्यापकाचा प्रवास. पण या माणसाने कायद्याचं तत्त्वज्ञान वर्गातल्या फळ्यावर ठेवलं नाही. कायदा म्हणजे काय, हा प्रश्न त्यांनी ठाण्यातून, तुरुंगातून, आधारगृहातून विचारला.

पत्राची ताकद कळल्यावर त्यांनी ती पुन्हा वापरली. आग्र्याच्या महिला आधारगृहात बायकांना फार वाईट अवस्थेत ठेवलं जात होतं. १९८१ साली बक्षी आणि लतिका सरकार यांनी सर्वोच्च न्यायालयाला त्याबद्दल पत्र लिहिलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. वकील नको, स्टॅम्प नको, पोस्टाने आलेलं पत्र पुरे. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असं आपण म्हणतो, कारण पायरी चढायलाच पैसे लागतात. त्या काळात काही न्यायमूर्तींनी आणि काही प्राध्यापकांनी मिळून ती पायरी जरा खाली आणली. आज आपण जनहित याचिका म्हणतो ती याच वाटेने वाढली. अलीकडे तिचा गैरवापरही होतो, ते वेगळं.

बक्षींच्या विचाराचा गाभा मला असा समजला. मानवी हक्क हे काही मोठ्या देशांच्या मोठ्या माणसांनी टेबलावर बसून लिहून दिलेलं देणं नाही. ज्यांनी दुःख सोसलं आणि त्याविरुद्ध आवाज काढला, ते हक्कांचे खरे लेखक. म्हणून न्यायालयाने आधी दुःख गंभीरपणे घ्यायला शिकावं, मग कलमं उघडावीत. 'मानवी हक्कांचं भविष्य' या अर्थाच्या नावाचं त्यांचं इंग्रजी पुस्तक २००२ साली आलं. त्यात त्यांनी एक धोक्याची घंटाही वाजवली. बाजाराला आणि मोठ्या कंपन्यांना सोयीचे असे 'हक्क' पुढे येत आहेत आणि माणसाचे हक्क मागे पडत आहेत.

आणि २००७ साली त्यांनी पुढचं पुस्तक लिहिलं, 'मानवोत्तर जगातले मानवी हक्क' अशा अर्थाचं. तंत्रविज्ञान इतकं पुढे जात असताना 'माणूस' म्हणजे कोण, आणि मग 'मानवी' हक्क म्हणजे कुणाचे, हा त्यातला प्रश्न. तेव्हा स्मार्टफोन नुकता कुठे बाजारात येत होता, हे लक्षात घ्या. ज्याने १९७९ मध्ये विचारलं, की देसाईगंजची मुलगी कायद्याच्या नजरेत पूर्ण माणूस आहे की नाही, त्यालाच २००७ मध्ये हे विचारणं सुचलं यात मला नवल वाटत नाही. प्रश्न एकच आहे. माणूस म्हणून कुणाला मोजायचं, आणि ते कुणी ठरवायचं?

जगात आता हाच रस्ता बरेच जण चालतात. ऑक्सफर्ड विद्यापीठाने एआयच्या नीतिशास्त्रासाठी संस्था काढली. तिचे पहिले संचालक जॉन टॅसिउलस मूळचे तत्त्वज्ञानाचे, आणि त्यांचं आधीचं सगळं काम कायद्याचं तत्त्वज्ञान आणि मानवी हक्क यांवरचं. ते एक मुद्दा सतत मांडतात. उत्तर बरोबर आलं एवढ्याने भागत नाही, ते कसं आलं यालाही किंमत असते. तुमच्या आयुष्याचा निकाल देणारा तुमच्यासारखाच माणूस आहे, तोही चुकू शकतो, त्यालाही उत्तर द्यावं लागतं, यात एक देवाणघेवाण आहे. यंत्राकडून ती मिळत नाही. युनेस्कोने २०२१ साली एआयच्या नीतीबद्दल शिफारसी मंजूर केल्या, त्यातही माणसाची देखरेख आणि माणसाची जबाबदारी यांवर भर आहे.

कुणाला वाटेल, ही सगळी पुस्तकी भीती. तर अमेरिकेचं उदाहरण घ्या. विस्कॉन्सिन राज्यात एका आरोपीला शिक्षा ठरवताना न्यायाधीशांनी 'कॉम्पास' नावाच्या संगणक प्रणालीने दिलेला धोक्याचा गुणांक पाहिला. हा माणूस पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता किती, असा तो आकडा. आरोपी म्हणाला, हा आकडा कसा काढला ते मला दाखवा. कंपनी म्हणाली, ते आमचं व्यापारी गुपित. २०१६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आकडा वापरायला परवानगी दिली, फक्त सावध राहा, एकट्या आकड्यावर शिक्षा ठरवू नका असं बजावलं. म्हणजे माणूस तुरुंगात गेला आणि त्यामागचा एक हिशेब त्याला कधी बघायलाच मिळाला नाही.

आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. २०२३ साली पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जात चॅटजीपीटीला प्रश्न विचारून त्याचं उत्तर आदेशात नोंदवलं, अर्थात निर्णय त्यावर घेतला नाही हेही लिहिलं. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने आयकर खात्याचा एक आदेश रद्द केला. कारण काय, तर त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. करदात्याच्या डोक्यावर बोजा टाकणारा आदेश, आणि त्यातले पुरावे हवेतले! त्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं, की निकाल किंवा आदेश देण्यासाठी एआय वापरायचं नाही.

मी यंत्राच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने 'सुवास' नावाची प्रणाली आणली, जी इंग्रजी निवाडे मराठीसह आपल्या भाषांत आणायला मदत करते. कोर्टाचा निकाल शेतकऱ्याला त्याच्या भाषेत वाचता येणं ही लहान गोष्ट नाही. आपल्या भागातल्या किती लोकांनी जमिनीच्या खटल्यात आयुष्य घातलं आणि निकालाचा कागद वाचायला दुसऱ्याच्या दारात गेले! नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश असताना, एप्रिल २०२१ मध्ये, 'सुपेस' ही प्रणाली सुरू झाली. फाइलींच्या ढिगातून न्यायाधीशाला हवा तो कागद काढून देणं हे तिचं काम. निकाल न्यायाधीशच देणार, ही रेषा बोबड्यांनी तेव्हाच आखून दिली होती.

ती रेषा महत्त्वाची आहे. कागद शोधणं, भाषांतर करणं, टंकलेखन करणं, ही कामं यंत्राने खुशाल करावीत. उशीर कमी होईल. पण फिर्याद खरी वाटते की खोटी, ही बाई विश्वासाची आहे की नाही, हा तरुण संशयित आहे की नाही, हे यंत्राने सुचवायला लागलं की घोळ सुरू होतो. सुचवणं आणि ठरवणं यांतलं अंतर कामाच्या रगाड्यात फार लवकर मिटतं. पडद्यावर लाल अक्षरात काही आलं की त्याच्याविरुद्ध जायला अधिकाऱ्यालाही धाडस लागतं. उद्या काही झालं तर? यंत्राने सांगितलं होतं, तू का नाही ऐकलंस? म्हणजे जबाबदारी टाळायची सोपी वाट यंत्राच्या बाजूने जाते.

आमचं गाव बुलढाणा तालुक्याच्या टोकाला आहे. पलीकडे जालना जिल्ह्याचा भोकरदन तालुका लागतो. १९४८ पर्यंत तिकडे निजामाचं राज्य होतं आणि आमचं वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी अंमलाखाली. माती तीच, कपाशी तीच, सोयरीक दोन्हीकडे, पण चार कोस ओलांडले की कायदा वेगळा आणि कचेरी वेगळी. ज्या लोकांच्या आज्या-पणज्यांनी हे पाहिलं, त्यांना तरी वेगळं सांगायला नको, की कायदा अजिंठ्याच्या डोंगरासारखा आपोआप उभा राहिलेला नसतो. माणसं तो करतात, माणसं तो मोडतात आणि माणसंच दुरुस्त करतात.

दुरुस्त कसा करतात, ते १९७९च्या पत्रात दिसतं. चार जणांनी आपलं नाव लिहिलं, खाली सही केली, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं की तुमचं चुकलं. त्यात त्यांनी स्वतःची प्रतिष्ठा घातली. ज्या निवाड्यावर त्यांनी बोट ठेवलं, त्याच्याखालीही न्यायमूर्तींच्या सह्या होत्या, म्हणून तर कुणाला प्रश्न विचारायचा हे माहीत होतं. निकाल द्यायला सही लागते, तो चुकला हे सांगायलाही सही लागते. उद्या एखाद्या ठाण्यात यंत्राने एखादीची तक्रार 'कमी विश्वासार्ह' म्हणून खाली ढकलली, तर उघडं पत्र कुणाच्या नावाने लिहायचं? कंपनीच्या? साहेबांच्या? की त्या जुन्या कागदांच्या, ज्यांवरून ते शिकलं?

म्हणून माझं मागणं मोठं नाही. यंत्र कुठल्या कामाला वापरतात आणि कुठल्या कामाला वापरत नाहीत, याचा फलक मराठीत प्रत्येक ठाण्यात लावावा. यंत्राने लिहिलेल्या किंवा सुचवलेल्या प्रत्येक गोष्टीखाली एका अधिकाऱ्याचं नाव आणि सही असावी, 'सिस्टिमने सांगितलं' हे उत्तर चालू नये. आणि ज्याच्याबद्दल यंत्राने काही नोंद केली, त्याला ती पाहायचा आणि त्याविरुद्ध माणसापुढे दाद मागायचा हक्क असावा. माहितीच्या अधिकारात यातलं बरंच विचारता येतं. विचारणारे पाहिजेत.

तोवर, जे हक्क आधीच कायद्यात आहेत ते तरी पाठ करून ठेवा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही बाईला, १५ वर्षांखालच्या मुलाला, ६० वर्षांवरच्या माणसाला, अपंगाला किंवा गंभीर आजाऱ्याला साक्षीदार म्हणून ठाण्यावर येण्याची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं असतं. तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेतल्यावर ती वाचून दाखवणं बंधनकारक आहे, मगच सही. आणि फिर्यादीची प्रत फुकट मिळते. यंत्राने लिहिली असली तरी वाचून घ्या, आपण बोललो तेच उतरलंय का ते बघा. एखादा शब्द बदलला असेल तर दुरुस्त करून घ्या, आणि मगच पेन हातात घ्या.

आपल्या ठाण्यात ही यंत्रणा आली असेल आणि कुणाला तिचा अनुभव आला असेल, चांगला किंवा वाईट, तर खाली लिहा. फक्त कुणा पीडितेचं नाव लिहू नका.

धाड, ता. जि. बुलढाणा